क्रेव्हन डॉक्टरांचे आठ हजार रुग्ण

पावसाळा सरत आला की आपल्या घराघरांत एक आकडा फार गाजतो. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की नागपूर, कोणाला ताप आला आणि डेंग्यूची शंका आली की फोनवर पहिला प्रश्न एकच: "प्लेटलेट किती आल्या?" दीड लाखाच्या वर असतील तर सगळे हुश्श करतात. पन्नास हजारांवर आल्या की पपईच्या पानांचा रस, किवी आणि नातेवाइकांचे सल्ले, सगळं एकदम सुरू होतं.

आणि त्याच घरात आजोबा रात्री जेवण झालं की एक बारीकशी गोळी घेतात. 75 मिलिग्रॅमची. घरात तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. ती गोळी काय करते? प्लेटलेटना त्यांचं काम करू देत नाही. म्हणजे एका खोलीत नातू प्लेटलेट वाढाव्यात म्हणून रस पितोय आणि दुसऱ्या खोलीत आजोबा त्याच प्लेटलेट गप्प बसाव्यात म्हणून गोळी घेतायत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. (डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन घेऊ नका असं डॉक्टर बजावतात, त्यामागचं एक कारणही हेच.) आज आपण या गोळीचा इतिहास बघणार आहोत. तो बघितला की ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हा प्रश्न डॉक्टरांना इतका का छळतो तेही कळेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. या गोळीने रक्त पातळ होत नाही. वरणात पाणी घातलं की ते पातळ होतं, तसं इथे काहीच घडत नाही. रक्त जितकं दाट होतं तितकंच राहतं, फक्त त्याची गुठळी होण्याची तयारी कमी होते.

शाळेच्या पुस्तकात प्लेटलेटला रक्तपट्टिका म्हटलेलं असतं. त्या काय करतात हे पहिल्यांदा नीट दाखवलं इटलीतल्या तुरीन शहरातल्या ज्यूलिओ बिझोझेरो यांनी. वर्ष 1882. त्यांच्या आधी काहींनी सूक्ष्मदर्शकाखाली हे बारीक कण पाहिले होते, पण तो कचरा आहे, फुटलेल्या पेशींचे तुकडे आहेत, असंच बहुतेकांना वाटत होतं. बिझोझेरोंनी जिवंत प्राण्याच्या, म्हणजे बेशुद्ध केलेल्या गिनिपिगच्या, आतड्याच्या पातळ पडद्यातली रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिला इजा केली की तिथे सगळ्यात आधी तांबड्या पेशी पोचत नाहीत आणि पांढऱ्याही नाहीत, तर हेच चपटे कण येऊन चिकटतात, हे त्यांना दिसलं. एकावर एक थर चढतो आणि भोक बुजतं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जखम बुजवणारी आणि रक्तवाहिनी तुंबवणारी, दोन्ही गुठळ्यांची सुरुवात इथूनच होते. आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या वाक्यात आहे. भाजी चिरताना बोट कापलं तर जी गुठळी आपल्याला वाचवते, तीच हृदयाच्या धमनीत झाली तर जीव घेते. प्लेटलेटला आपण बोटात आहोत की हृदयात, हे कळत नाही. धमनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीच्या थराला तडा गेला की तिच्या लेखी तीही एक जखमच.

आता कॅलिफोर्नियाला जाऊ. लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेल नावाचं शहर आहे. तिथे लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे डॉक्टर होते. मोठं रुग्णालय नाही, प्रयोगशाळा नाही. 1940 च्या दशकात ते टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया करायचे आणि नंतर घसा दुखू नये म्हणून रुग्णांना ॲस्पिरिन घातलेलं च्युइंगगम चघळायला द्यायचे. त्यातल्या काहींना एवढा रक्तस्राव होऊ लागला की त्यांना पुन्हा दाखल करावं लागे. क्रेव्हन यांनी चौकशी केली. ज्यांना जास्त रक्त गेलं होतं, त्यांनी दुकानातून जादा च्युइंगगम आणून चघळलं होतं.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने रुग्णाला रागावून विषय संपवला असता. क्रेव्हन उलट बाजूने विचार करू लागले. हृदयविकाराचा झटका धमनीतल्या गुठळीमुळे येतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये मांडलं होतं आणि आता ते बऱ्यापैकी मान्य झालं होतं. मग ज्या औषधाने टॉन्सिलची जखम लवकर बुजत नाही, त्याच औषधाने हृदयातली गुठळीही होणार नाही, असं का असू नये? त्यांना आणखी एक आधार सापडला. बायकांना झटके कमी येतात, आणि बायका दुखण्याखुपण्याला ॲस्पिरिन जास्त घेतात. पुरुष मात्र ते घेणं कमीपणाचं मानतात. हा तर्क तसा लंगडा आहे, पण त्यांना तो पटला.

गंमत बघा. ॲस्पिरिन बाजारात आलं 1899 मध्ये. जर्मनीच्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी 1897 मध्ये ते शुद्ध रूपात तयार केलं होतं. त्याचं मूळ विलोच्या सालीत. हा विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचा भाऊबंद. पुढे 1920 च्या दशकात अमेरिकेत बायरच्या नावाने जाहिरात होत होती की आमच्या ॲस्पिरिनचा हृदयावर काहीही परिणाम होत नाही! लोकांना तेव्हा भीती होती की हे औषध हृदय कमजोर करतं.

क्रेव्हन यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला. रोज बारा गोळ्या. पाच दिवसांत नाकातून घळाघळा रक्त आलं. योगायोग नको म्हणून त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. तुम्ही मात्र असलं काही घरी करू नका. मग ते 45 ते 65 वयाच्या, सुटलेल्या पोटाच्या, बैठ्या कामाच्या पुरुषांना रोज ॲस्पिरिन देऊ लागले. 1950 मध्ये त्यांनी लिहिलं की अशा 400 जणांपैकी कोणालाही झटका आला नाही. 1956 पर्यंत हा आकडा सुमारे 8,000 वर गेला. त्यातले नऊ जण झटक्याने गेले असं वाटलं होतं, पण शवविच्छेदनात महाधमनी फुटल्याचं आढळलं, असं त्यांनी नोंदवलं. हे सगळं छापून आलं 'मिसिसिपी व्हॅली मेडिकल जर्नल'सारख्या नियतकालिकात. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ते पोचत नसे. 1957 मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकाराच्या झटक्याने गेले, आणि त्यांच्याबरोबर हा विषयही मागे पडला.

हा प्रसंग सांगताना बरेच जण क्रेव्हन यांना उपेक्षित नायक करतात. मला ते पूर्ण पटत नाही. आठ हजार माणसं, मध्यम वयाची, वजनदार, आणि इतक्या वर्षांत एकालाही झटका नाही? हा आकडा एवढा चांगला आहे की त्यावर विश्वास बसत नाही. त्यांच्याकडे तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्यांनी गोळी घेतली नाही, त्यांचं काय झालं हे त्यांनी पाहिलंच नाही. जे रुग्ण यायचे थांबले, ते बरे होते की वारले? त्यांची कल्पना मोलाची होती, पुरावा कच्चा होता. चूक क्रेव्हन यांची एकट्याची नाही. ही कल्पना तपासून पाहावी असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही, हे जास्त वाईट.

प्रयोगशाळेत मात्र वेगळ्याच वाटेने काम पुढे सरकत होतं. गुस्ताव बॉर्न हे प्रख्यात भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव. नाझी राजवटीमुळे हे कुटुंब जर्मनी सोडून इंग्लंडला आलं. मॅक्स बॉर्न यांनी तर 1935-36 मध्ये काही महिने सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काढले होते. मुलगा डॉक्टर झाला आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर म्हणून जपानला गेला. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाने प्लेटलेट संपलेली, रक्त थांबत नसलेली माणसं त्याने तिथे पाहिली. तो विषय त्यांना आयुष्यभर पुरला.

1962 मध्ये गुस्ताव बॉर्न यांनी एक अगदी सोपी युक्ती प्रसिद्ध केली. प्लेटलेट असलेला रक्तद्रव नळीत घेतला की तो गढूळ दिसतो. त्यात एडीपी नावाचं रसायन घातलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि द्रव निवळतो. दूध फाटलं की चोथा आणि निवळी वेगळी होते ना, तसंच. नळीतून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते मोजायचं. प्लेटलेटची चिकटण्याची खोड आता आकड्यात मांडता येऊ लागली. कोणतं औषध ती खोड मोडतं हेही तपासता येऊ लागलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वी वाइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाच्या प्लेटलेट नीट चिकटत नाहीत. क्रेव्हन यांना टॉन्सिलमध्ये जे दिसलं होतं, ते आता नळीत दिसलं.

का चिकटत नाहीत, याचं उत्तर 1971 मध्ये लंडनच्या जॉन व्हेन यांच्या कामातून मिळू लागलं. ॲस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतं, असं त्यांनी दाखवलं. 1975 मध्ये स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाला प्लेटलेटमधलं याच कुळातलं रसायन सापडलं: थ्रॉम्बॉक्सेन. पहिली प्लेटलेट जखमेला चिकटली की ती थ्रॉम्बॉक्सेन सोडते आणि जणू हाक मारते, "या गं बायांनो, इकडे काम आहे." ही हाक बनवणाऱ्या विकराला ॲस्पिरिन कायमचं निकामी करतं. व्हेन आणि सॅम्युएलसन यांना सुने बर्गस्ट्रॉम यांच्यासह 1982 चं नोबेल मिळालं.

'कायमचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या इतर बहुतेक पेशींमध्ये केंद्रक असतं. एक विकर बिघडलं तर त्या नवं बनवतात. प्लेटलेटला केंद्रक नाही. ती बिचारी आठ-दहा दिवस जगते, आणि एकदा ॲस्पिरिन लागलं की मरेपर्यंत मुकी राहते. म्हणून तर डोकेदुखीला लागते त्याच्या पाव हिश्श्याची गोळी हृदयासाठी पुरते. गोळी आज बंद केली तरी परिणाम आज जात नाही, तोही याचमुळे. अस्थिमज्जेतून नव्या प्लेटलेट येत राहतात, जुन्या जातात, आणि आठवड्याभरात रक्त पहिल्यासारखं होतं.

पण यंत्रणा कळली म्हणजे रुग्ण वाचतात हे सिद्ध होत नाही. ते काम सुरू झालं वेल्समधल्या कार्डिफ इथे. पीटर एलवूड आणि आर्ची कॉक्रन यांनी नुकताच झटका येऊन गेलेले 1,239 पुरुष घेतले. अर्ध्यांना ॲस्पिरिन आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. चाचणी अर्धवट असताना अमेरिकेतून निरोप आला. बोस्टनच्या संशोधकांना रुग्णालयांच्या नोंदींत दिसलं होतं की झटका येऊन दाखल होणाऱ्यांत ॲस्पिरिन घेणारे फार कमी आहेत. याचे दोन अर्थ निघत होते. एक, ॲस्पिरिनमुळे झटका टळतो. दुसरा, ॲस्पिरिन घेणारे रुग्णालयात पोचण्याआधीच मरतात! दुसरा अर्थ खरा असेल तर कार्डिफचे निम्मे रुग्ण धोक्यात होते. मोहोरबंद यादी उघडावी लागली. ॲस्पिरिनच्या गटात मृत्यू कमी होते. 1974 मध्ये निकाल छापला गेला. एका वर्षात मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी, पण रुग्णसंख्या लहान, त्यामुळे हा योगायोग नाही असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. एलवूड यांनी तसंच प्रामाणिकपणे लिहिलं. क्रेव्हन आणि एलवूड यांच्यातला फरक मला इथे दिसतो.

छातीठोक उत्तर मिळालं 1988 मध्ये. ऑक्सफर्डहून चालवलेल्या या चाचणीचं नाव आयसिस-2. (नाव दुर्दैवी वाटेल, पण तेव्हा त्याला आजचा अर्थ नव्हता.) 16 देश, 417 रुग्णालयं, 17,187 रुग्ण. झटका आल्यापासून पहिल्या 24 तासांत ॲस्पिरिन सुरू करायचं आणि महिनाभर चालू ठेवायचं. पाच आठवड्यांत खोट्या गोळीच्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने 11.8 टक्के माणसं दगावली, ॲस्पिरिनच्या गटात 9.4 टक्के. म्हणजे हजार रुग्णांमागे साधारण 24 जीव, आणि तेही मातीमोल किमतीच्या औषधाने. सोबत गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिलं तर फायदा आणखी वाढत होता.

या चाचणीतली एक गोष्ट आपल्या लोकांनी ऐकायलाच हवी. नियतकालिकाच्या संपादकांनी विचारलं, स्त्रियांना किती फायदा, वृद्धांना किती, असे तुकडे करून दाखवा. संशोधकांना ते नको होतं. तुकडे करत गेलं की योगायोगाने काहीही दिसू शकतं. शेवटी ते तयार झाले, पण स्वतःचा एक तुकडा त्यांनी मुद्दाम घातला: रुग्णांची रास. पाश्चात्त्य पद्धतीने, जन्मतारखेवरून. आणि काय दिसलं? मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच! बाकी दहा राशींना भरघोस फायदा. निबंधात हे छापलेलं आहे. आपल्याकडे कोणी ते गंभीरपणे घेऊन पत्रिका बघून गोळी देईल अशी मला कधी कधी भीती वाटते. पण त्यांचा उद्देश उलटा होता, आणि धोका काल्पनिक नव्हता. दहा वर्षं आधी, 1978 मध्ये, कॅनडातल्या पक्षाघाताच्या चाचणीत ॲस्पिरिनचा फायदा फक्त पुरुषांत दिसला. त्यावरून अमेरिकेत त्या उपयोगाची मान्यता बरीच वर्षं पुरुषांपुरतीच राहिली. बायकांनाही फायदा होतो हे पुढे सिद्ध झालं. मधल्या काळात किती जणींना ही गोळी मिळाली नसेल?

आता दुसरी गोळी. आजोबांची अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्यांच्या डब्यात क्लोपिडोग्रेल किंवा तिची एखादी नवी बहीण असतेच. हिची कथा फ्रान्समधल्या तुलूझ शहरातली. तिथले रसायनतज्ज्ञ सुजेवरचं औषध शोधत होते. हाती लागलं टिक्लोपिडीन, जे सूज कमी करत नव्हतं, पण प्लेटलेटना एडीपीची हाक ऐकू देत नव्हतं. 1978 मध्ये ते फ्रान्समध्ये बाजारात आलं. त्याने काहींच्या पांढऱ्या पेशी घटायच्या, म्हणून त्याच कुळातलं जास्त सुरक्षित क्लोपिडोग्रेल आलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली 1997 मध्ये. ते प्लेटलेटवरच्या नेमक्या कोणत्या जागी बसतं, ती जागा ओळखली गेली 2001 मध्ये. म्हणजे चावी आधी विकायला आली आणि कुलूप नंतर सापडलं.

योगायोग असा की हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसवला गेला तोही तुलूझमध्येच, मार्च 1986 मध्ये, जाक प्युएल यांच्या हातून. धमनी आतून उघडी धरणारी धातूची जाळी, कल्पना छान. पण प्लेटलेटच्या लेखी धातू म्हणजे परकी वस्तू. 1991 मध्ये छापलेल्या एका पाहणीत पहिल्या 105 रुग्णांपैकी 24 टक्क्यांचे स्टेंट पूर्ण बंद पडले होते, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच. डॉक्टर वॉरफरिनसारखी गोठणविरोधी औषधं भरपूर देत होते. रक्तस्राव व्हायचा, आणि स्टेंट तरी तुंबायचेच. कारण ती औषधं गुठळीचं धाग्यांचं जाळं अडवतात आणि इथे मुख्य गुन्हेगार प्लेटलेट होत्या. 1996 मध्ये म्युनिकच्या 517 रुग्णांच्या चाचणीने हे स्पष्ट केलं. ॲस्पिरिन आणि टिक्लोपिडीन दिलेल्यांत स्टेंट बंद पडण्याचं प्रमाण 0.8 टक्के, गोठणविरोधी औषधांच्या गटात 5.4. स्टेंट आज इतका सर्रास बसतो तो या गोळ्यांच्या जोरावर.

बडोद्याचे आमचे एक नातेवाईक. स्टेंट बसून दोन महिने झाले होते. दाढ काढायची होती. रक्त थांबणार नाही या भीतीने त्यांनी दोन्ही गोळ्या आपल्या आपण बंद केल्या. दाढ काढणाऱ्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आठव्या दिवशी छातीत कळ आली. स्टेंट तुंबला होता. ते वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. दाढेतून रक्त आलं तर कापसाचा बोळा दाबून धरता येतो. ज्यांनी स्टेंट बसवला त्या डॉक्टरांना एक फोन केला असता, तर एवढं घडलं नसतं.

मग जास्त जोरदार औषध बरं का? तेही करून झालं. प्लेटलेट एकमेकींचा हात धरतात ती जागाच बंद करणारी इंजेक्शनं 1990 च्या दशकात आली. त्यातलं टिरोफिबन तर फुरश्याच्या विषातल्या एका प्रथिनाच्या नमुन्यावर घडवलंय. हो, तेच कोकणातलं फुरसं! रुग्णालयात, काही तासांसाठी, या इंजेक्शनांचा उपयोग झाला. पण तीच कल्पना रोजच्या गोळीत आणली तेव्हा चाचण्यांमध्ये मृत्यू कमी न होता वाढले, आणि त्या गोळ्या बाजारात आल्याच नाहीत. 2001 ची क्युअर चाचणी केरळात जन्मलेल्या आणि बंगळुरूत शिकलेल्या सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली झाली. 12,562 रुग्ण. झटक्याच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांना ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल दिलं, तर मृत्यू, झटका किंवा पक्षाघात 11.4 वरून 9.3 टक्क्यांवर आले. मोठे रक्तस्राव मात्र 2.7 वरून 3.7 टक्के झाले. नफा आणि तोटा एकाच गोळीतून येतात, कारण तिचं काम एकच आहे. पक्षाघाताच्या वेळी तर हे फार जपावं लागतं. मेंदूत गुठळी झाली आहे की रक्तस्राव, हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. म्हणून अशा वेळी घरात ॲस्पिरिन तोंडात टाकायचं नाही, आधी रुग्णालय गाठायचं.

आणि क्रेव्हन यांचे ते आठ हजार? त्यांना कधी झटका आलेला नव्हता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. 1989 मध्ये 22,071 अमेरिकी पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीत ॲस्पिरिनने पहिला झटका 44 टक्क्यांनी कमी केला, पण हृदयविकाराने होणारे एकूण मृत्यू घटले नाहीत. तरी जगभर निरोगी माणसं रोज गोळी घेऊ लागली. मग 2018 मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यातली एक ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19,114 निरोगी ज्येष्ठांची. त्यांना फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढले. मधल्या तीस वर्षांत धूम्रपान घटलं होतं, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची चांगली औषधं आली होती. त्यामुळे ॲस्पिरिनला वाचवायला उरलेले झटकेच कमी होते. रक्तस्रावाचा धोका मात्र तेवढाच राहिला. 2022 मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने सांगितलं की साठीच्या पुढच्या, पूर्वी झटका किंवा पक्षाघात न झालेल्या माणसांनी बचाव म्हणून ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये. चाळीस ते साठमधल्यांनी धोका जास्त असेल तरच, डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

म्हणजे ग्लेंडेलच्या त्या दवाखान्यातल्या बहुतेकांना आज कोणी ही गोळी लिहून दिली नसती. क्रेव्हन यांचं औषध बरोबर निघालं, रुग्ण मात्र दुसरे निघाले. आपल्या आजोबांचा स्टेंट झालेला आहे, त्यांनी आपली गोळी चालू ठेवावी. शेजारच्या काकू मात्र आजोबा घेतात म्हणून स्वतःही घेतात. त्यांना एकदा त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

मघाशी वॉरफरिनचं नाव आलं. तेही उंदीर मारायच्या औषधातून माणसांच्या औषधात आलेलं आहे, आणि त्याची सुरुवात अमेरिकेतल्या कुजलेल्या चाऱ्यापासून होते. ते पुढच्या भागात.